ठकूकाकी गल्ली दाखवते

नवीन माणूस टपरीवर आला की ठकूकाकी त्याला खायला देत नसे. तवा तापलेला, मांदेली मासळी मसाल्यात घोळून ठेवलेली, परातीत तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, समोर भुकेला माणूस, आणि ही बाई पदराला हात पुसत विचारणार, "पयल्यांदा आलास? गल्ली बगलीस? न्हाय? मंग खातोस काय? चल." शेजारच्या अन्वरचाचांना तव्याकडे लक्ष ठेवायला सांगून ती चालू लागायची. गिऱ्हाईक जरा घुटमळायचं आणि मग तिच्या मागोमाग निघायचंच. तिचं म्हणणं सरळ होतं. "पोट भरला का मानूस बगत न्हाय, ढेकर देतो. आदी बग, मंग खा."

ही टपरी भिवंडीच्या जुन्या बाजारात, तुकडा गल्लीत होती. लूमवरच्या कापडाचे उरलेले तुकडे तिथे किलोवर मिळतात, म्हणून तुकडा गल्ली. कापडाच्या ढिगांमध्ये खाण्याच्या गाड्या, गाड्यांमध्ये पुन्हा कापड. एकूण बेचाळीस टपऱ्या. काकीची बेचाळिसावी, अगदी टोकाची. ती शेलार गावची. शेतं गोदामांखाली गेली तशी परात आणि तवा घेऊन गल्लीत आली आणि तिथलीच झाली.

मी वळ गावची. वडील गोदामात हमालांच्या टोळीत आहेत. कॉलेज संपल्यावर मी फेरीवाल्यांच्या संघटनेत आले आणि माझ्याकडे पत्रकं लिहिण्याचं काम आलं. मला सगळ्याचा राग यायचा. अजूनही येतो, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. बाहेरचा माणूस भिवंडीबद्दल दोनच गोष्टी बोलतो, खड्डे आणि गोदामं. त्याच्या अंगावरचा शर्ट इथल्या लूमवर विणलेला असतो, त्याच्या दारात आलेलं पार्सल आमच्या वळ-वडप्याच्या गोदामांतून निघालेलं असतं, आणि तो नाक मुरडून विचारतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

नेमका हाच प्रश्न मला एकदा मुंबईहून आलेल्या नवरा-बायकोने विचारला. गळ्यात कॅमेरा, पायांत पांढरे बूट. मी त्यांच्या हातात पत्रक ठेवलं आणि बारा तासांची शिफ्ट, कानांना येणारा बहिरेपणा, फेरीवाल्यांची पळापळ, सगळं ऐकवायला लागले. नवरा हळूच घड्याळ बघत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ही पोर बोलतंय का भोंगा लावलाय?"

मी वळले. एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, मनगटापर्यंत तांदळाचं पीठ.

"अगो, तेंना गाव बगायचा हाय, तू तेंना तुजा राग दावतेस. सरक."

मी सरकले नाही, पण ते दोघे तिच्यामागे गेले. मीही गेले. पाहुण्यांपुढे ही बाई गरिबीचा खेळ मांडणार आणि मला तिथेच तिला अडवावं लागणार, अशी माझी खात्री होती.

तिने त्यांना आधी खाडीच्या उतारावर नेलं. "हितं गलबतं लागायची," एवढंच म्हणाली आणि त्यांना पाण्याकडे बघू दिलं. मग लाकडी सज्ज्यांच्या जुन्या घरांखालून परत आणलं. बाईने विचारलं, "ही घरं किती जुनी?" काकी म्हणाली, "माज्या आजीला पन जुनीच दिसायची." मग गल्लीच्या मधोमध एका साध्या, पोपडे गेलेल्या भिंतीपाशी थांबून तिने त्या बाईचा हात धरला आणि तळवा भिंतीवर टेकवला.

"घाबरू नको. दनदनतंय ना?"

भिंत थरथरत होती. पलीकडे लूमची शेड होती. खटखट तर सगळ्या गावात ऐकू येते आणि आठवड्याभरात कान ती ऐकणं सोडूनही देतो. हाताला लागते ती गोष्ट वेगळी. त्या बाईने बराच वेळ हात काढला नाही. नवरा फोटो काढायचं विसरला. माझ्या पत्रकात शेडवर तीन परिच्छेद होते आणि त्यांतला एकही त्या दोघांनी वाचला नव्हता.

त्यानंतर कापड. "मुठीत धर. घट्ट. आता सोड. सुरकुती गेली न्हाय तर परत ठेव, मंग तो कायबी सांगू दे." दुकानदार ओरडला, "काकी, माझ्या पोटावर का उठलीस?" ती म्हणाली, "तुजा चांगला माल खाली दाबून ठेवलायस, तो काड वर." त्याने काढला. त्यांनी दीड किलो घेतलं. मग अन्वरचाचांचे सीख कबाब, आणि सगळ्यात शेवटी तिची भाकरी नि मांदेली. तोवर ते दोघे इतके भुकेले होते की न बोलता जेवले.

चाचा मला म्हणाले, "देखा? आपने पर्चा दिया, काकी ने भूख दी."

त्या दिवसापासून मी काकीकडे जेवू लागले आणि आमची भांडणंही सुरू झाली. पाहुण्यांना गल्ली आवडली म्हणून फेरीवाल्याला हक्क मिळत नाही, असं मी म्हणे. ती म्हणे, "बगितलेला मानूस इसरत न्हाय." मी म्हणे, "हक्क भांडून घ्यावा लागतो." ती म्हणे, "भांड की. पन भाकरी गार झाली."

मग महापालिकेची नोटीस आली. जुन्या बाजाराचा रस्ता रुंद करायचा होता. त्याआधी फेरीवाल्यांची पाहणी. यादीत येईल त्याला ओळखपत्र आणि जागा. न येईल त्याची गाडी उचलणार. नोटिशीच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष जागेवर आढळणाऱ्यांचीच नोंद घेतली जाईल.

ती ओळ मी वाचली नव्हती असं नाही. हे मी स्पष्टच लिहिते, कारण नंतर कुणीकुणी मला वाचवायला तसं सांगू लागलं. मी वाचली होती. माझं डोकं असं चाललं होतं की रस्ता आधी ठरवून मग केलेली पाहणी म्हणजे धूळफेक. सगळी गल्ली बंद राहिली तर पाहणी होणारच नाही, आणि झाली नाही म्हणजे त्यांना आमच्याशी बोलावं लागेल. मी सभेत तसं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. टाळ्या पडल्या. पाहणीच्या दिवशी गल्ली कडकडीत बंद ठेवायचं ठरलं.

काकी मागे पाटावर बसली होती. टाळ्या थांबल्यावर म्हणाली, "मी उघडनार."

"काकी, सगळ्यांचं ठरलंय."

"अगो, कुनी घर बगायला आला नि आपुन कुलूप लावला, तर तो काय बगंल? कुलूप."

लोक हसले. मला ते हसणं झोंबलं. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "तुम्ही एकट्या उघडलंत तर एकी फुटेल. याला फितुरी म्हणतात."

"काय म्हनायचा ता म्हन," ती म्हणाली, "मी मांदेली आनून ठेवनार."

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात धारदार. शेवटची ओळ अशी होती: 'आज तुकडा गल्लीतल्या एक्केचाळीस टपऱ्या बंद आहेत. बेचाळिसावी उघडी आहे. ती कुणाची, हे गल्लीने विसरू नये!' खाली तारीख आणि संघटनेचं नाव. पाहणीच्या दिवशी सकाळी मी ते स्वतः वाटलं आणि एक गठ्ठा काकीच्या परातीशेजारी ठेवला. तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

"माजा नाव लिवलंस?"

"नाही."

"मंग कशाला भितेस? लिवायचा ना."

अकरा वाजता मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि पहिल्यांदाच गल्ली रिकामी पाहिली. लोकांनी गाड्या घरी नेल्या होत्या. ताडपत्र्या नाहीत, ढीग नाहीत, धूर नाही. बंद बाजार कसा असतो ते मला माहीत होतं, शटरं असतात, कुलपं असतात, त्यांच्यामागे राग दिसतो. इथे शटरंच नव्हती. फेरीवाला बंद पुकारतो तेव्हा मागे रस्ता उरतो, बाकी काही नाही. हे माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही? टोकाला तेवढा काकीच्या तव्याचा धूर होता.

पाहणीला आलेला माणूस माझ्याच वयाचा असेल. चष्मा, घामाने भिजलेला शर्ट, हातात टॅब. सोबत एक गार्ड. त्याने गल्लीवरून नजर फिरवली आणि गार्डला म्हणाला, "इथे काहीच नाही."

मी पुढे झाले. "आम्हाला ही पाहणी मान्य नाही!"

"मॅडम, मान्य करा असं मी कुठं म्हटलं? जे दिसतं ते भरायचं, एवढंच माझं काम."

"इथे बेचाळीस टपऱ्या आहेत."

"कुठे?"

मी हात केला. हात केला त्या दिशेला रस्ता होता.

"मग तुम्ही परत कधी येणार?" मी विचारलं.

"परत? रिकाम्या जागेत परत कशाला येतील?" त्याने टॅबवर बोट नेलं. मला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. एक चौकट होती, 'रिकामी जागा'. तिच्यावर बोट टेकलं की एक्केचाळीस घरांच्या चुली गेल्या. आणि त्या मी घालवल्या होत्या, टाळ्या घेऊन.

"पयल्यांदा आलास?"

काकी हात पुसत आली होती.

"मावशी, मी कामावर आहे."

"मंग कामच कर. बगायचाच काम ना तुजा? चल."

तो हसला. मला वाटतं थकून हसला असेल, पण चालू लागला. आणि ठकूकाकीने त्याला रिकामी गल्ली दाखवली.

पहिल्या जागी ती वाकली. फरशीच्या फटीत चिंध्यांचे चार बोळे होते. "हे चार भोकं. बांबू उबं ऱ्हातात. पानी शिरू नये म्हून बोलं घातलेत. रिकाम्या जागेत कोन बोलं घालतंय?" पुढे भिंतीवर कमरेच्या उंचीला काजळीचा पट्टा. "ही अन्वरची शिगडी. रोज हितंच." मग एक खिळा, खिळ्याला सहा रंगांच्या दोऱ्यांचा गुंता. "कापडवाला हितं तुकडे टांगतो." मग वजनकाट्याचा हूक, झिजून चकचकीत झालेला. मग दोन विटा, बसून बसून मधोमध खोलगट झालेल्या. प्रत्येक जागी नाव, गाव, काय विकतो, किती वर्षं. तो आधी नुसता बघत होता, मग फोटो काढू लागला. मी मागून चालत होते. दोन वर्षं मी या गल्लीत काम करत होते आणि यांतली एकही खूण मी पाहिली नव्हती.

मधल्या भिंतीपाशी तिने त्याचा हात धरून भिंतीवर टेकवला. तो दचकला.

"शेड चालू हाय. तिचा तुकडा हितंच येनार ना? आज न्हाय आला तर उद्या येल."

सगळं बघून झाल्यावर तो चष्मा पुसत म्हणाला, "मावशी, मला पटतंय. पण खुणेला माणूस म्हणता येत नाही. 'तात्पुरते बंद' लिहायचं तर आजच बंद आहे याला कागद लागतो. लेखी काहीतरी."

"आदी जेव," काकी म्हणाली.

तिने भाकरी आणि मांदेली कागदात बांधून त्याच्या हातात दिली. तो उभ्यानेच खाऊ लागला. तेल कागदावर पसरलं तशी त्याची नजर खाली गेली. घास चावता चावता तो वाचू लागला. मी ओळखलं. माझंच पत्रक.

"एक्केचाळीस टपऱ्या आज बंद... बेचाळिसावी उघडी..." त्याने वर पाहिलं. "हे कुणी लिहिलं?"

काकी तव्याकडे वळली होती. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मी."

"आजचंच? खाली तुमच्या संघटनेचं नाव आहे ते?"

"हो."

"विसरू नये ती कोण?"

मी काकीच्या पाठीकडे बोट दाखवलं. मांदेलीचा काटा बाजूला ठेवून त्याने त्या तेलकट पत्रकाचा फोटो काढला आणि 'तात्पुरते बंद'वर बोट टेकवलं. पुन्हा पाहणी होणार होती.

मग त्याला आठवलं. "मावशी, तुमची तर टपरी उघडी आहे. उभ्या राहा, तुमची नोंद आजच करतो." त्याने टॅब उचलला. पडदा काळा. एक्केचाळीस जागांच्या फोटोंनी चार्जिंग संपवलं होतं. "पुढच्या वेळी पहिला नंबर तुमचा."

"शेवटी घे रे," काकी म्हणाली, "मी काय पलतंय?"

तो गेल्यावर मी विचारलं, "मुद्दाम त्या कागदात बांधलंत?"

"कागद व्हता, बांधला." मग तवा खरवडत म्हणाली, "तुज्या लिवन्याचा कायतरी उपेग झाला ना?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने उलथनं दाखवून मला गप्प केलं. "माफी नको मना. तू गल्ली लिवलीस, बगली न्हाय. उद्या बिनजेवता ये."

दुसऱ्या दिवशी मी उपाशी गेले आणि तिने मला दोन तास फिरवलं, खाडीपासून. मध्ये कबाबांच्या वासाने जीव कासावीस झाला तेव्हा म्हणाली, "आता बग, आता सगला दिसंल." बोळे, खिळे, विटा, सगळं पाठ करून घेतलं. चुकलं की परत मागे. एका कबाबाची लाच मागितली तर चाचांनी हात वर केले, "काकी का इम्तिहान है, मैं बीच में नहीं पड़ता."

आठवड्याभराने भाकरी थापता थापता ती परातीवरच कलली. डावी बाजू गेली. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं.

दुसरी पाहणी तिथून सहाव्या दिवशी झाली. एक्केचाळीस जण आपापल्या जागी उभे, धुतलेले कपडे, पाणी लावून विंचरलेले केस. तोच माणूस आला. दोन टॅब घेऊन. सरळ टोकाला गेला, कारण पहिला नंबर तिचा होता.

मी त्याला सगळं सांगितलं. मग दाखवलं. बांबूची दोन भोकं. भिंतीवर तेलाचा काळा गोल. ती बसायची तो दगड, एका कडेला गुळगुळीत. दगडाच्या फटीत सुकलेलं पीठ. मी बोलत होते आणि आवाज चढवत नव्हते. त्याने सगळं ऐकलं.

"मला माहीत आहे हो. मी जेवलोय इथे. पण माणूस उभा लागतो."

"दवाखान्याचा कागद आणते."

"आणा. पण आजच्या रकान्यात मी एवढंच भरू शकतो." त्याने 'तात्पुरते बंद'वर बोट टेकवलं.

मी संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकीला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, एक्केचाळीस झाले. तिने उजवा हात वर केला आणि बोटं मुठीत घट्ट मिटली, मग उघडली. कापड तपासतात तशी. सुरकुती गेली का ते बघत होती, असं मी मानते. चौथ्या दिवशी ती गेली.

महिन्याने यादी लागली. एक्केचाळीस नावं, फोटोसकट. शेवटची ओळ बिननावाची आहे: 'भाकरी-मासे. तात्पुरते बंद.' कायद्याने मी कळवायला हवं होतं की जागा रिकामी झाली. अर्ज लिहूनही झाला होता. मी तो दिला नाही, आणि याबद्दल कुणाला माझ्यावर पत्रक काढायचं असेल तर खुशाल काढावं.

रस्ता रुंद झाला तो पलीकडच्या बाजूने. गल्ली आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं येतात, कॅमेरे घेऊन. नवीन माणूस दिसला की अन्वरचाचा सीख खाली ठेवतात आणि माझ्याकडे बोट करतात, "पहले उधर." मी त्यांना खाडीवर नेते, लाकडी घरांखालून आणते, भिंतीवर हात ठेवायला लावते. ती भिंत अजून थरथरते.

परवा एका कॉलेजच्या मुलीने टोकाला मोकळा दगड बघून विचारलं, "इथे कोण बसतं?"

"बंद आहे," मी म्हटलं. "तात्पुरतं."